आबांनी काढलेलं लायसन

माझ्या पाठीवरच्या लांब पिशवीत काय असावं, यावर खान्देशातल्या एसटीत आजवर जेवढे अंदाज बांधले गेलेत, तेवढे निवडणुकीच्या निकालावरही कुणी बांधत नसेल. एका मावशींनी ती तंबूची काठी ठरवली. एका गुरुजींनी आत नकाशे आहेत असं ठरवून मला भूगोलाची बाई करून टाकलं. धुळ्याहून जळगावला येताना एका कंडक्टरनं तर दारातूनच विचारलं, "सतार का, मॅडम?"

"नाही. धनुष्य."

तिकिटाच्या मशीनवरचं त्याचं बोट थांबलं. "रामलीला?"

"नाही हो. तिरंदाजी. खेळते मी."

"असं होय," तो म्हणाला, आणि दोन सीट पुढे जाऊन परत आला. कारण तो प्रश्न राहिला होता. तो कधीच राहत नाही. "लायसन आहे का?"

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुठल्याही गोष्टीच्या सुरुवातीलाच सांगून टाकते आणि सांगायला लाजत नाही. पाचोऱ्याजवळच्या आमच्या कोरडवाहू रानात कापूस लावून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला जळगावला कॉलेजात ठेवलं. तिथं एकदा मी बसपासच्या रांगेत उभी असताना खेळाचे सर रांगेवरून नजर फिरवत आले आणि मला म्हणाले, "तू बाहेर ये." मला वाटलं, काहीतरी चुकलं. सरांना तिरंदाजीच्या संघात एक मुलगी कमी पडत होती आणि त्यांनी फक्त खांदे बघितले होते. विहिरीचं पाणी ओढून झालेले खांदे सरकारदरबारी कुठं मोजत नाहीत, पण धनुष्याला ते पटकन ओळखू येतात. त्या दिवशी बसपास राहिला आणि धनुष्य हातात आलं. पुढे डिग्री झाली, बीएड झालं, धुळ्याच्या एका शाळेत नोकरी लागली, तरी धनुष्य सुटलं नाही. सुट्टीत जिथं जाईन तिथं ते बरोबर असतं. खळ्यात, बांधावर, पडीक रानात, जिथं मागे माणूस नाही आणि मातीचा उंचवटा आहे, तिथं मी बाण सोडते. लोक सुट्टीत झोपतात, मी हे करते.

तर लायसन. नोकरी लागल्यावर मला वाटलं, आता आपण शिकलेली बाई, रीतसर असावं. मी एका कचेरीत गेले. टेबलामागचे साहेब डबा उघडत होते.

"धनुष्याचं लायसन काढायचंय."

त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. "कशाचं?"

"धनुष्याचं. खेळाचं. निशाण्यावर मारतात ते."

"ते लागत नाही."

"मग तसं लिहून द्या. प्रवासात लोक विचारतात."

"मॅडम," ते अगदी शांतपणे म्हणाले, "लागतं त्याचा कागद आम्ही देतो. लागत नाही याचा कागद नसतो."

"पण कोणी अडवलं तर?"

"तर सांगा, लागत नाही."

"त्यांनी ऐकलं नाही तर?"

"तर त्यांना लायसन मागायला इकडे पाठवा." आणि त्यांनी डबा उघडला.

एवढं मात्र त्यांनी बजावून सांगितलं की जनावरावर सोडू नका. रानातलं जनावर मारायला बंदी आहे, आणि हौस म्हणून शिकार करायचं लायसन या देशात कोणालाच मिळत नाही, धनुष्यानं नाही, कशानंच नाही. डुकरांचा फारच उच्छाद असला तर वनखात्याकडे अर्ज करायचा, पुढचं ते ठरवतात. मी म्हटलं, मला टोमॅटोसुद्धा मारायचा नाही, पुठ्ठ्यावरच्या पिवळ्या गोलात मारायचंय. ते म्हणाले, मग मला का विचारताय.

हे सगळं मी घरी जाऊन आबांना हौसेनं सांगितलं, आणि तिथंच घोटाळा झाला. मला वाटलं होतं आबा हसतील. ते हिरमुसले.

"लायसन लागसच नही?" ते म्हणाले.

"नाही आबा. लागत नाही."

"मंग काय कामनं?"

आबांचा हिशोब सरळ होता. ट्रॅक्टर चालवायला लायसन लागतं. बंदुकीला लागतं. खताच्या दुकानाला लागतं. ज्या गोष्टीला सरकार किंमत देतं, तिला लायसन लागतं. आणि त्यांची पोर पदवी घेऊन जी एवढी मोठी गोष्ट शिकली, ती विटीदांडूसारखी बिनलायसनची निघाली. त्यांनी विषय तिथंच सोडला. निदान मला तसं वाटलं.

माझी थोरली बहीण, अक्का, सावद्याला दिलेली आहे. तिचे सासरे नाना म्हणजे केळीवाले. पाण्याची जमीन, ठिबक, टिश्यू कल्चरची रोपं, दारात चारचाकी. माणूस दिलदार, पण आवाज एवढा की साधी विचारपूससुद्धा लिलावासारखी वाटावी. आबा तिथं गेले की खाटेच्या अगदी कडेला बसायचे. अर्धे खाटेवर, अर्धे हवेत. नाना त्यांच्या केळीबद्दल बोलायचे, आणि आबांना आपल्या कापसाबद्दल काय बोलावं ते सुचायचं नाही. मी अक्काच्या लग्नापासून ते बसणं बघत आले होते. मला त्याचा राग यायचा, पण राग नक्की कोणाचा ते कळायचं नाही.

एकदा अक्काचा फोन आला. "तू दिवाळीत येतीयेस ना? नाना रोज विचारतात, लायसनवाली कधी येणार म्हणून."

"कोण लायसनवाली?"

अक्का म्हणाली, "तुला आबांनी सांगितलं नाही?"

झालं होतं ते असं. नानांच्या नव्या लागवडीत रानडुकरं शिरायला लागली होती. रोपं उकरून टाकायची, कंद खाऊन जायची. नाना खाटेवर बसून तो राग काढत होते आणि शेजारी, कडेला, आबा. विद्यापीठाच्या स्पर्धेत मला मिळालेलं, सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र आबांनी फ्रेम करून आमच्या घरात लावलेलं आहे. त्या शिक्क्यावरच त्यांनी सगळी इमारत उभी केली. म्हणाले, मनी पोरजोडे सरकारी लायसन शे. शिकारनं. इतली शिकेल पोर, तिले नही दीन तं कोनले दीन?

नाना एकदम सरकून बसले. खाटेवर जागा झाली, आणि आबा पहिल्यांदा मधे बसले.

मी पाचोऱ्याला गेले ती भांडायच्या तयारीनं. आबा अंगणात नवा पांढरा शर्ट घालून बघत होते. सावद्याला जायचं म्हणून मुद्दाम शिवून घेतलेला. मी सगळं बोलले. खोटं आहे, कायद्याच्या विरुद्ध आहे, तिथं लोक जमतील आणि मी डुकरावर बाण सोडणार नाही, तेव्हा तुमचंच हसं होईल. आबांनी शर्टाच्या बाहीची घडी नीट केली.

"तू कितला दिन ऱ्हाशी तठे?"

"दोन."

"दोन दिन गप ऱ्हाय, माय. नानासमोर मना शब्द पडू देऊ नको. इतलंच."

मला शिकवल्याच्या बदल्यात त्यांनी आजवर काही मागितलं नव्हतं. मागितलं ते हे. मी एका अटीवर हो म्हटलं: खोटं मी बोलणार नाही आणि जनावर मी मारणार नाही. बाकी गप्प बसेन. आबा म्हणाले, "बठ्ठं मी बोलसू." त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, सगळं आपणच बोलावं हीच तर त्यांची इच्छा होती.

सावद्याला पोचलो तर नानांच्या दारात दहाबारा माणसं. नानांनी माझी ओळख करून दिली ती अशी: "हे पाहा. हेच ते. लायसनवाली!" लोकांनी माझ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे, मग परत माझ्याकडे. एकानं हळूच विचारलं, "एवढीशी?"

"उंचीवर नसते ते," नाना म्हणाले. "शिक्षणावर असते."

आबा खाटेच्या मधोमध बसले होते. चहाची कपबशी दोन्ही हातांत धरून. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

चहा झाल्यावर नाना म्हणाले, "चाल मंग पोरी, जागा दाखवतो. डुकरं नाल्याकडून येतात." सगळी मंडळी उठली. मी तोंड उघडणार, एवढ्यात आबा बोलले.

"आते नही जमाव, नाना. निवडनूक शे ना. आचारसंहिता. आते शिकार बंद."

निवडणूक होती हे खरं होतं. चौकाचौकात नाकाबंदी होती, भिंतीवरचे पुढाऱ्यांचे चेहरे झाकले होते. शिकार मात्र निवडणूक असो नसो बंदच असते, पण ते सांगायचं काम माझं नव्हतं. मी गप्प बसायचं कबूल केलं होतं. नानांनी मान डोलावली. "बरोबर हाये. नियम म्हंजे नियम." आणि जमलेल्या लोकांकडे वळून, आपणच कायदा केल्यासारखे, "आचारसंहिता हाये. लागू झाली म्हंजे लायसनवाल्यालेबी लागू!"

पण लोक आलेले होते, त्यांना तसंच कसं पाठवणार? मीच म्हटलं, "नाना, घड कापलेली केळी आहे ना? त्या खांबांवर मारून दाखवते."

अक्का धावत आली. "कपडे बदल आधी. चीक लागला तर जन्मात निघत नाही."

"मी लांबून मारणारय, अक्का. झाडाला मिठी नाही मारणार."

शिकलेल्या माणसाला हे फार असतं. ज्यांनी हजार वेळा केलंय, त्यांनी सांगितलेलं एका वाक्यात उडवून लावायचं. मी फिक्कट पिवळा कुर्ता तसाच ठेवला.

केळीचा खांब म्हणजे तिरंदाजाला देवानं दिलेला निशाणा. मऊ, जाड, ओला. बाण आत जातो आणि आवाज येतो तो नुसता "थप". मी माझं धनुष्य जोडलं. त्याचे तीन तुकडे असतात, मूठ आणि वरखाली दोन भाग. नानांनी प्रत्येक तुकड्याला हात लावून बघितला. एका खांबावर अक्काच्या टिकलीच्या पाकिटातली लाल टिकली लावली. पहिला बाण टिकलीच्या बोटभर खाली. दुसरा टिकलीत. मग जो कालवा झाला, त्यात नानांचा आवाज सगळ्यांत वर होता: "पाहिलं? म्हनून लायसन देल्लं!"

मी बाण उपटून काढत होते, हात ओले, बाण ओले, आणि पुसायला जवळ काही नाही. कुर्त्याला पुसत राहिले. पाण्यासारखा तर होता चीक. काही दिसतसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. कुर्त्याच्या एका बाजूला तपकिरी-काळसर डाग, वाळलेल्या रक्ताचे असावेत तसे. बाणांच्या दांड्यांवर तेच. अक्कानं डागावरून बोट फिरवलं आणि कुर्ता माझ्या हातात दिला. मी दुसरे कपडे घातले आणि कुर्ता पिशवीत, धनुष्याच्या वर, कोंबला. आम्हाला जळगावला सोडायला नाना स्वतः निघाले. आबा पुढे त्यांच्या शेजारी, मी मागे, माझ्या मांडीला पिशवी, मागच्या बाजूला केळीचा एक अख्खा घड. सुट्टीनंतर माझ्या शाळेत वाटायला म्हणून.

आबा खूश होते. दोन दिवस संपले होते. शब्द पडला नव्हता. पाचोऱ्याच्या गाडीत बसले की सुटले.

भुसावळच्या अलीकडे नाका होता. रस्त्यात आडवी बॅरिकेडं, बाजूला मांडव, खुर्च्या, कॅमेरा घेतलेला एक माणूस आणि एक हवालदार. उन्हानं हैराण झालेला, सोलापूरकडचा असावा, बोलण्यावरून तसं वाटलं.

"डिकी उघडा. पिशवीत काय आहे?"

"खेळाचं सामान," मी म्हटलं.

पण नाना थोडेच थांबतात. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "साहेब, धनुष्यबाण हाये! शिकारीचं! काळजी करू नका, सरकारी लायसन हाये पोरीकडी. दाखव व, पोरी, लायसन!"

आबांचं डोकं पुढच्या सीटवर थोडं खाली गेलं.

हवालदारानं आधी नानांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "लायसन आहे?"

"नाही," मी म्हटलं. "लागत नाही."

"हे तर आहे म्हणतात."

"हाये ना!" नाना म्हणाले. "तिले सांगायची लाज वाटते. पन आचारसंहिता हाये म्हनून शिकार नाही केली तिनं. नियमाची पक्की हाये."

"लायसनचं हत्यार असेल," हवालदार हळूहळू म्हणाला, "तर निवडणुकीत ते ठाण्यात जमा करावं लागतं. केलं का जमा?"

"लायसन नाही, साहेब."

"मग बिनलायसनचं हत्यार घेऊन निवडणुकीत फिरताय?"

त्या कचेरीतल्या साहेबांची मला फार आठवण झाली. कागद असता तर जमा करावं लागलं असतं, कागद नव्हता म्हणून गुन्हा होता, आणि लागत नाही याचा कागद तर नसतोच. मी शाळेत मुलांना समजावते तसं समजावलं. हे खेळाचं आहे, बाणाचं टोक बघा, पेन्सिलीसारखं आहे, शिकारीच्या बाणाला धारेचं पातं असतं. हे माझं खेळाचं ओळखपत्र. त्यानं ओळखपत्र बघितलं, परत केलं आणि पिशवीची चेन पूर्ण ओढली. वर कुर्ता होता.

त्यानं तो दोन बोटांनी उचलून उन्हात धरला. कॅमेरावाला जवळ आला.

"हे काय आहे?"

"केळीचा चीक."

"चीक?" त्यानं एक बाण काढला. दांड्यावर तोच डाग. "शिकार नाही केली म्हणता?"

"चीकच हाये, साहेब," नाना म्हणाले, पण त्यांचा आवाज पहिल्यांदा जरा खाली आला होता. "केळीवर मारलं तिनं."

"केळीचा चीक पांढरा असेल नाहीतर पाण्यासारखा. हे रक्त दिसतंय." त्यानं फोन काढला. "साहेबांना विचारतो. एक तर लायसनचं खरं काय ते कळू दे. शिकारीचं लायसन देतच नाहीत कोणाला. हे म्हणतात आहे, ही म्हणते नाही. तोवर हे सामान इथं राहील."

धनुष्य जाणार हे मला दिसलं. आणि आबांना वाचवायचं तर मी गप्प बसायला हवं होतं, हेही दिसलं. एरवी मी स्पष्ट बोलणारी बाई आहे. पण त्या क्षणी मी आबांकडे बघितलं.

आबा गाडीतून उतरले. नव्या पांढऱ्या शर्टाची बटणं चाचपली, नानांच्या खिडकीसमोर येऊन उभे राहिले, आणि बोलले मात्र हवालदाराशी.

"लायसन नही शे, साहेब. कधी व्हतंच नही. पोर खरं बोलस. मी खोटं बोलनू. हाऊ मना व्याही शे, याले मी सांगं, शिकारनं लायसन शे म्हनीसन. तिनं कोनताच जनावरवर बाण सोडा नही. मी देव आन देवी, दोन्हीसनी शपथ खास."

नाना खिडकीतून बघतच राहिले. गाडीचं इंजिन चालू होतं, ते त्यांनी बंद केलं.

"कायले सांगतलं मंग?" त्यांनी विचारलं.

आबा जमिनीकडे बघत होते. "तुमी केळी सांगतस," ते म्हणाले. "मी काय सांगू?"

हवालदार फोन हातात धरून थांबला होता. त्याला बहुतेक हे सगळं अपेक्षित नव्हतं. तो म्हणाला, "काका, लायसनचं समजलं. पण रक्ताचं?"

आबांनी गाडीच्या मागून घड ओढला. खिशातल्या चाकूनं दांडा ताजा कापला, आणि कोणी काही म्हणायच्या आत, पांढऱ्या शर्टाच्या छातीवर, खिशाच्या खाली, घासला. ओला डाग. पाण्यासारखा. हवालदार वाकून बघायला लागला.

"हे तर काहीच नाही."

"थांबा," आबा म्हणाले. "ऊन शे. बसा."

मग आम्ही बसलो. मांडवातल्या खुर्च्यांवर, नाक्यावर, एक हवालदार, एक कॅमेरावाला, दोन व्याही आणि मी, एका शर्टावरचा डाग कधी चढतो ते बघत. मधून मधून गाड्या थांबत होत्या. हवालदार उठून त्या तपासायचा आणि परत येऊन विचारायचा, "चढला का?" एका मोटारसायकलवाल्यानं विचारलं, काय चाललंय. कॅमेरावाला म्हणाला, "शर्ट रंगतोय." त्यानंही थोडा वेळ थांबून बघितलं.

आधी काठानं पिवळसर रेघ आली. मग मधे तांबूस. मग आबांचा नवा शर्ट एखाद्यानं छातीत भोसकल्यासारखा दिसायला लागला. हवालदारानं माझा कुर्ता शेजारी धरला. मग स्वतःच्या पँटीला हात पुसून दोन पावलं मागे सरला.

"हे धुतल्यावर जातं ना?"

"नाही," मी, नाना आणि आबा एकदम म्हणालो.

त्यानं फोनवर साहेबांना सांगितलं. पलीकडून काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण हा म्हणाला, "हो साहेब, खेळाचंच. नाही साहेब, रक्त नाही, केळी. हो, काकांच्या शर्टावर बघितलं." मग माझ्याकडे वळून, "जाऊ शकता. पण मॅडम, प्रवासात हे सगळं वेगवेगळं ठेवा. बाण एकीकडे, धनुष्य एकीकडे, कुर्ता तिसरीकडे." आणि नानांना, "आणि तुम्ही काका, कृपा करून खिडकी लावून घ्या."

घडातल्या दोन फण्या मी नाक्यावर ठेवल्या. हवालदारानं त्या चिकाच्या बाजूला हात न लावता उचलल्या.

भुसावळ मागे पडलं. आबा दाराला टेकून बसले होते, पुन्हा कडेला, अर्धे सीटवर. मला वाटलं, संपलं. आता हे सावद्याला जायचे नाहीत, गेले तर बसायचे नाहीत. माझं धनुष्य मांडीवर सुरक्षित होतं आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मग नानांचा आवाज आला. मोठा. नेहमीसारखा.

"मंग मी आता सावद्यात काय सांगू?"

आबांनी मान वळवली. "काय?"

"अहो, व्याही, तुमी मले एकट्याले सांगतलं. मी साऱ्या गावाले सांगतलं! बाजारात सांगतलं, सोसायटीत सांगतलं, लग्नाच्या पंगतीत वाढनाऱ्याले थांबवून सांगतलं. तुमचा एक शब्द पडला, माहे किती पडले ते मोजा! उद्या कोनी इचारलं, लायसनवाली कोठी हाये, तं मी काय तोंड दाखवू?"

मला हसू आलं ते मी दाबलं. आबांनी ते दाबलं नाही. आधी खांदे हलले, मग दार सोडून ते सीटवर नीट, मधे सरकून बसले.

"सांगा ना," आबा म्हणाले. "निवडनूक व्हती. लायसन ठाण्यात जमा कयं."

नानांनी स्टिअरिंगवर हात आपटला. "जमा केलं! लागतेच ना जमा करनं! हवालदारच बोलला!"

"आबा," मी मागून म्हटलं, "परत खोटं."

"तू गप ऱ्हाय," दोन्ही व्याही एकदम म्हणाले.

मी गप्प राहिले नाही. जळगाव येईपर्यंत मी नानांना वनखात्याकडे करायच्या अर्जाबद्दल सगळं सांगितलं, पिकाच्या नुकसानभरपाईबद्दलही, आणि पुढच्या सुट्टीत ते अर्ज मीच भरून दिले. डुकरांचं पुढं काय झालं ती खात्याची गोष्ट आहे, माझी नाही. माझ्या धनुष्यानं त्यात काही केलं नाही एवढं मात्र मी कोणालाही सांगायला तयार आहे.

सावद्याला मी अजून जाते. केळीच्या खांबावर टिकली लावून बाण सोडते, अक्काचा जुना झगा अंगावर चढवून. लोक बघायला येतात आणि कोणीतरी हमखास विचारतं, "लायसन सुटलं का, नाना?" नाना उसासा टाकतात. "कसं सुटते? लोकसभा झाली तं विधानसभा, ते झाली तं जिल्हा परिषद, मंग सोसायटी. आपल्याकडी निवडनुका सरतात का कधी?" आणि खाटेवर थोपटून म्हणतात, "इकडी सरका, व्याही, मधे बसा."

आबा सरकतात. सावद्याला जाताना ते तोच शर्ट घालतात, धुऊन, इस्त्री करून. डाग होता तसाच आहे, खिशाच्या खाली, तळहाताएवढा. परवा अक्काच्या शेजारणीनं विचारलं, "आबा, एवढ्या चांगल्या शर्टाले हे काय लागलं?"

आबांनी चहाची बशी खाली ठेवली, डागाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"लायसनना शिक्का शे," ते म्हणाले.